पार्श्वभूमी: मेडिकलमधला फार्मासिस्ट ओळखू का येत नाही?

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि नवी मुंबईत वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या जवळपास प्रत्येक सेक्टरमध्ये मेडिकल आहे. पण काउंटरपलीकडच्या तिघांत मालक कोण, कामाला ठेवलेला मुलगा कोण आणि फार्मासिस्ट कोण, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळाच.

1948 च्या फार्मसी कायद्याने फार्मासिस्टांची नोंदणी आणली. पहिल्या नोंदवहीत दवाखान्यांतले अनुभवी कंपाउंडरही आले. पाच वर्षांचा अनुभव पुरेसा होता. नोंदणी नसलेल्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देऊ नये, ही बंदी कधीपासून लागू करायची ते मात्र राज्यांवर सोडले गेले. ज्या राज्यांनी तारीख ठरवलीच नाही, तिथे 1976 च्या दुरुस्तीने घातलेली मुदत संपून ती आपोआप लागू झाली 1984 साली. मधल्या 36 वर्षांत लोकांना औषध कोणाच्याही हातून घ्यायची सवय लागली.

शिक्षणाचा रोखही दुकानाकडे नव्हता. बनारसला 1932 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या अभ्यासक्रमापासून भर औषधे बनवण्यावर होता. आपल्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषध कारखाने उभे राहिले, तेव्हा बी. फार्म (फार्मसीची पदवी) म्हणजे कंपनीतली नोकरी हेच समीकरण घराघरांत रुजले. दुकानासाठी डी. फार्म, म्हणजे फार्मसीची पदविका. 1991 च्या नियमांनी तीच किमान पात्रता ठरवली आणि 500 तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले.

खरा वाद आहे तो हजेरीचा. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले जावे, असे औषध नियमांतला 65 वा नियम सांगतो. प्रत्यक्षात अनेक दुकानांत भिंतीवर प्रमाणपत्र असायचे आणि त्यावरचा माणूस दुसरीकडेच नोकरीला. प्रमाणपत्र भाड्याने देणे हे या धंद्यातले उघड गुपित होते. 2012 च्या सुमारास राज्यात तपासण्या कडक झाल्या, फार्मासिस्ट गैरहजर आढळला की परवान्यांवर कारवाई होऊ लागली. दुकानदारांनी बंदचे हत्यार उपसले. सकाळी नऊ ते रात्री अकरा एकच माणूस कसा उभा राहील, दुसऱ्याचा पगार छोट्या दुकानाला परवडेल का, हे त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. पण त्या गदारोळात चर्चा झाली ती दुकाने किती तास उघडी राहतील याची. फार्मासिस्ट तिथे असला तर पेशंटचे काय भले होते, हे दुकानदारांनीही नीट सांगितले नाही आणि कारवाई करणाऱ्यांनीही नाही. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर एकच औषध वेगवेगळ्या नावांनी आलेले तोच पकडतो; रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या आजोबांना सहज मागितलेली वेदनाशामक गोळी नाकारणाराही तोच. ही संधी वाया गेली, याचे आजही वाईट वाटते.

आणखी एक गैरसमज फार्मासिस्टच्या माथी बसला आहे: स्वस्त पर्याय असूनही तो मुद्दाम महागडा ब्रँड देतो. शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतल्या, औषधाच्या जागी, घटक तोच असला तरी, दुसरे औषध देण्याची मुभा नियम त्याला देतच नाहीत. चिठ्ठीवर ब्रँड असेल तर त्याचे हात बांधलेले असतात.

पुढच्या वर्षांत कामे वाढत गेली. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच 1 या आणखी कडक यादीतल्या अँटिबायोटिक्स आणि टीबीच्या औषधांसाठी वेगळी नोंदवही आली, ती तीन वर्षे जपायची. 2015 च्या नियमांनी पेशंटला समुपदेशन हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवले: औषध कशासाठी, किती, कसे घ्यायचे, दुष्परिणाम काय. 2018 मध्ये टीबीच्या रुग्णांची माहिती सरकारला कळवण्याची जबाबदारीही औषध दुकानांवर आली.

मग 26 मार्च 2020 ला, टाळेबंदीत, परवानाधारक दुकानांना औषधे घरपोच देण्याची परवानगी मिळाली. ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा 2018 चा मसुदा मात्र वर्षानुवर्षे रखडला. पिशवी घेऊन बेल वाजवणारा मुलगा गोळी जेवणाआधी की नंतर, हे सांगू शकत नाही. निदान बिलावर ड्युटीवरच्या फार्मासिस्टचे नाव आणि दुकानाचा फोन नंबर ठळक छापावा, आणि आपणही तो नंबर फिरवावा.