जुन्या पीसीत ग्राफिक कार्ड टाकताय? आधी डीपीवरचा लोड बघा

मे महिन्यात अमळनेरला ताईकडे गेलो तर भाच्याने दारातच धरलं, मामा पीसीत ग्राफिक कार्ड टाकायचंय, कोणतं घेऊ सांगा. पीसी म्हणजे २०१३ ला मीच दाजींच्या दुकानाच्या हिशोबासाठी जुळवून दिलेला, आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर, बी-७५ मदरबोर्ड, आठ जीबी रॅम. आता त्याला त्यावर गेम खेळायचेत, आईला मात्र व्हिडिओ एडिटिंग शिकतोय असं सांगून ठेवलंय. बजेट सहा हजार. त्याची आजी ओट्यावरून म्हणे, "एवढा पैसामा तं बकरी येस."

हे कार्ड करतं काय ते बघू. फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात अन् गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर दर सेकंदाला साडेबारा कोटीच्या आसपास ठिपक्यांचा रंग काढावा लागतो. हिशोब एकेकाचा सोपा असतो, पण ढीग केवढा! आय-फाइव्हमध्ये चार कोर, म्हणजे हिशोब करणारे चार गडी, चारही हुशार, पण चार हुशार माणसांना वीस एकर कापूस वेचायला लावला तर दिवाळी तिथेच होणार. वेचणीला हुशारी नाही हात लागतात, अन् एका बाईला दुसरीच्या ओळीत काय चाललंय हे माहीत असायची गरजच नसते, आपापली ओळ धरायची अन् पुढे जायचं. जीपीयू, म्हणजे ग्राफिक कार्डावरची मुख्य चिप, ही अशीच टोळी. जीटीएक्स १६५० या एनव्हिडियाच्या कार्डात ८९६ छोटे कोर आहेत अन् एनव्हिडियाच्या चिपमध्ये काम ३२-३२ च्या गटाने चालतं, गटातल्या सगळ्यांना एका वेळी एकच हुकूम, फक्त प्रत्येकाचा ठिपका वेगळा.

आता टोळीला मुकादम लागतो, तो म्हणजे सीपीयू, आपला आय-फाइव्ह प्रोसेसर. कोणी कुठे जायचं, पुढच्या चित्रात काय आहे, हे तोच सांगतो. तो दमला की टोळी बांधावर बसून राहते, यालाच लोक बॉटलनेक म्हणतात. म्हणून बारा वर्षं जुन्या आय-फाइव्हवर पन्नास हजाराचं कार्ड लावणं म्हणजे एका मुकादमामागे दोन गावं उभी करणं, मी तरी कोणाला सांगणार नाही.

मेमरीचं पण बघा. सीपीयूच्या आतलं ग्राफिक स्वतःची मेमरी नसल्यामुळे सीपीयूचीच रॅम वापरतं, अन् डीडीआर-३ १६०० रॅमच्या दोन काड्या मिळून सेकंदाला २५.६ जीबी एवढाच माल ने-आण करू शकतात, त्यात दोघांचा वाटा. (एकच काडी असेल तर निम्मं, तेव्हा खिसा अगदीच रिकामा असेल तर आधी दुसरी काडी टाकून बघा, फरक दिसतो.) जीटीएक्स १६५० च्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला १२८ जीबी. कार्ड अन् बोर्ड यांच्यातला रस्ता त्यामानाने अरुंद असतो, पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या स्लॉटमधून (कार्ड खोचायची खाच), त्याच्या पूर्ण १६ लेन म्हणजे वाटा धरून, एका दिशेने सोळा जीबीच्या आत. म्हणून कार्डवरची मेमरी भरली अन् माल रॅममधून ओढावा लागला की गेम अडकत अडकत चालतो. आरएक्स ६४०० हे कार्ड तर फक्त चार लेन वापरतं, नव्या बोर्डवर ते खपून जातं, पण आपल्या जुन्या बोर्डवर त्याच्या वाट्याला जेमतेम चार जीबी येतात. भाच्याच्या यादीत ते पहिलं होतं, मी खोडलं. १०५० टीआय पण खोडलं कारण ऑक्टोबर २०२५ पासून त्याला नवे गेम ड्रायव्हर येणं बंद झालं. राहिलं १६५०, पाच हजारात सेकंडहँड मिळालं.

मग लावलं, चालू झालं, भाचा खूश, अन् बरोबर दहा मिनिटांनी पीसी ठप्प. परत चालू केला, परत दहा मिनिटं. कार्डात फॉल्ट असेल म्हणून विकणाऱ्याला फोन करणार तेवढ्यात मला एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची, आठवण आली.

शेतात कसं, एका डीपीवर, म्हणजे वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, ठरलेल्या मोटारी असतात, कोणीतरी गुपचूप एक मोटर वाढवतो, व्होल्टेज पडतं अन् सगळ्यांचं पाणी बंद. पीसीचा डीपी म्हणजे एसएमपीएस. त्याच्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं होतं, पण बॅटरी मारून बाजूचं बारीक अक्षरातलं लेबल वाचलं तर १२ व्होल्टच्या लाइनपुढे फक्त १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव वॉट, बाकीचे वॉट ३.३ अन् ५ व्होल्टच्या लाइनींवर दाखवलेले, जिथे आजच्या पीसीला तेवढी गरजच नसते. सीपीयू अन् कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. सीपीयूचे ७७, कार्डाचे ७५, डिस्क-पंखे-बोर्डाचे तीसेक धरा, कागदावर कसंबसं बसतं, पण कार्ड क्षणभर सरासरीपेक्षा जास्त ओढतं अन् बारा उन्हाळे काढलेल्या कपॅसिटरमध्ये तो झटका सोसायचा दम राहत नाही. दुकानदाराने तेव्हा ४५० म्हणून दिलेला अन् मी पण लेबल न वाचता घेतलेला, चूक माझीच. नवीन एसएमपीएस मामाच्या खिशातून.

७५ हा आकडा पण उगाच नाही. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉटच देतो. त्याच्यावर पाहिजे असेल तर वेगळी वायर लागते, सहा पिनची आणखी ७५ देते, आठ पिनची १५०. जुन्या एसएमपीएसला ही वायर बहुतेक नसतेच, म्हणून वायर न लागणारं कार्ड घ्या (१६५० चं पण काही कंपन्यांचं मॉडेल सहा पिन मागतं, घेताना उलटसुलट करून बघा). गंमत म्हणजे कार्ड हे १२ व्होल्ट खाली आणून चिपला एक व्होल्टच्या आसपास देतं, म्हणजे त्या नखाएवढ्या चिपमधून पन्नासेक अँपिअर वाहतात. विहिरीवरची पाच एचपीची थ्रीफेज मोटर सात-आठ घेते!

अन् हे सगळे वॉट शेवटी उष्णताच होतात. कार्डाचा पंखा थंड हवा तयार करत नाही, खोलीतलीच हवा मारतो, त्यामुळे कार्डाचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक चाळीसेक डिग्री. डिसेंबरात धुळ्या-अमळनेरकडे खोली १८ ला असते, तेव्हा कार्ड ६० च्याही खाली. मे मध्ये पत्र्याच्या खोलीत ४२, मग कार्ड ८२-८३ ला जातं अन् जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतं. भाच्याने कूलर कॅबिनेटकडे वळवला होता, तो मी आधी फिरवला, ओली हवा अन् धूळ मिळून पट्ट्यांवर चिखल बसतो. सीपीयूचा हीटसिंक काढला तर त्याच्यावर कापसाच्या तंतूंची राखाडी गादीच, बोटाने धरून ओढली तर अख्खी निघाली, शेजारीच जिनिंग आहे ना. ब्रशने झाडा, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं.

बसवणं पाच मिनिटांचं काम. वायर काढायची, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवायची, स्लॉटच्या टोकाची कडी उघडायची, कार्ड सरळ दाबायचं, टक आवाज आला की स्क्रू. एचडीएमआयची केबल मात्र कार्डाला लावा, भाच्याने ती जुन्या सवयीने बोर्डालाच लावली अन् मामा एवढे पैसे घालून काहीच फरक नाही म्हणून रडायच्या बेतात होता.

परवा फोन आला त्याचा. दुपारी ८२ दाखवतं, रात्री दहानंतर ७४, म्हणून आता रात्रीच खेळतो. एडिटिंग अजून सुरू झालेलं नाही.