रेड एल्म की व्हाइट एल्म? ओंडका मशीनवर चढवायच्या आधी सालीचा एक टवका काढून बघा

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये किंवा पूर्वेकडच्या भागात छोटी बँड सॉ मिल (पट्टा-करवतीची लाकूड कापायची गिरणी) चालवणाऱ्याला एक फोन ठरलेला असतो, की शेताच्या बांधावर एक मोठा रेड एल्म वाळून उभा आहे, दोन-तीन चांगले ओंडके निघतील, घेणार का. आता हा "रेड" शब्द सांगणाऱ्याने कुठून आणला ते विचारायचं. बऱ्याचदा उत्तर येतं की फांदी तोडली तेव्हा आत तांबूस दिसलं, आणि तिथेच गडबड आहे, कारण ताजा कापलेला व्हाइट एल्मसुद्धा आत तांबूस झाक मारतोच. त्यावरून कोणी रेडचा भाव लावला तर तो फसला म्हणून समजा.

आधी नावांचा गुंता सोडवू. रेड एल्म म्हणजेच स्लिपरी एल्म, शास्त्रीय नाव उल्मस रूब्रा. व्हाइट एल्म म्हणजेच अमेरिकन एल्म, उल्मस अमेरिकाना, यालाच काही जण ग्रे एल्म म्हणतात, काही वॉटर एल्म म्हणतात. लाकूडबाजारात ही दोन्ही झाडं एकाच "सॉफ्ट एल्म" नावाखाली खपतात, आणि रॉक एल्म, विंग्ड एल्म, सीडर एल्म हे तिघं "हार्ड एल्म" मध्ये. म्हणजे मोठ्या व्यापाऱ्याला रेड-व्हाइटचं फारसं पडलेलं नसतं. पण छोट्या मिलवर येणारं गिऱ्हाईक टेबल करायला, कपाटाची दारं करायला येतं आणि ते नाव घेऊन रेड एल्मच मागतं, त्यामुळे फरक कळायला हवा तो आपल्यालाच. (आणि जाता जाता, आपल्याकडच्या वावळ्याला इंग्रजीत इंडियन एल्म म्हणतात म्हणून घोटाळा नको, तो त्याच कुळातला असला तरी वेगळ्या वंशातला आहे, इथे त्याचा संबंध नाही.)

ओळखायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे साल. वाळलेल्या झाडाला पानं नसतात, कळ्या नसतात, फळं नसतात, पण बुंध्याला थोडी तरी साल चिकटलेली असतेच. तिचा जाडसर टवका काढा आणि धारदार चाकूने आडवा, स्वच्छ कापा. कापलेल्या कडेवर एकाआड एक पांढुरके आणि तपकिरी थर दिसले, अगदी थर लावून ठेवल्यासारखे, तर तो व्हाइट एल्म. सगळी कड एकसारखी तांबूस-तपकिरी असेल, मध्ये कुठेही पांढरी रेघ नसेल, तर रेड. एवढं सोपं आहे, आणि तरीही लोक लांबून झाडाचा आकार बघून छातीठोक सांगतात की हा रेडच. आकाराचं म्हणाल तर उघड्यावर वाढलेला अमेरिकन एल्म फुलदाणीसारखा वर जाऊन पसरतो हे खरं, पण गर्दीत वाढलेल्या झाडावर त्या आकाराचा काय भरवसा!

झाड अजून जिवंत असेल तर आतली साल चावून बघा, रेड एल्मची आतली साल तोंडात बुळबुळीत होते, त्यावरूनच स्लिपरी नाव पडलं, आणि वासही येतो, चक्क मेथीसारखा. जुन्या औषधांच्या पुस्तकांत या सालीच्या वासाला मेथीचीच उपमा दिलेली आहे. घशाला आराम म्हणून ही साल अजूनही विकली जाते आणि एके काळी बेसबॉलचे पिचर ही चघळायचे, भरपूर लाळ सुटावी आणि चेंडूला लावता यावी म्हणून. 1920 मध्ये अशा लाळ लावलेल्या चेंडूवर, म्हणजे स्पिटबॉलवर, बंदी आली आणि तो धंदा बसला.

पानं असतील तर रेडचं पान वरच्या बाजूने सँडपेपरसारखं खरखरीत लागतं, व्हाइटचं त्या मानाने गुळगुळीत. रेडच्या कळ्यांवर गंजाच्या रंगाची लव असते. बस, पानांचं एवढं पुरे, कारण मिलवर ओंडका येतो तेव्हा पानं गेलेली असतात.

साल पण पूर्ण गळून गेली असेल तर ओंडक्याच्या तोंडावर या. धारदार ब्लेडने तोंडाचा एक छोटा भाग तासून गुळगुळीत करा, जरा ओलं करा आणि भिंग लावा. एल्मची खूण अशी की वर्षाच्या प्रत्येक वलयात उशिरा वाढलेल्या लाकडातली बारीक छिद्रं नागमोडी पट्ट्यांत बसलेली असतात, ही दोघांतही दिसतात, ॲश या दुसऱ्या झाडाच्या लाकडात असं दिसत नाही. फरक आहे वलयाच्या सुरुवातीच्या मोठ्या छिद्रांत. व्हाइटमध्ये मोठ्या छिद्रांची साधारण एकच ओळ असते, रेडमध्ये दोनापासून सहापर्यंत ओळींचा रुंद पट्टा असतो. त्यामुळेच रेडची फळी पॉलिश केल्यावर रेघा जास्त ठळक उठतात.

आता पैशाची गोष्ट. लोकांना वाटतं रेड महाग म्हणजे रेड जास्त दणकट असणार. तसं काही नाहीये. वाळलेला अमेरिकन एल्म सरासरी 560 किलो प्रति घनमीटर, स्लिपरी एल्म 600. कडकपणाच्या जांका चाचणीत (लाकडात पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो ती) अमेरिकनला 830 पौंड, स्लिपरीला 860. हा फरक हाताला कळणारसुद्धा नाही. खरा कडक भाऊ बघायचा तर रॉक एल्म, 755 किलो आणि 1320 पौंड, तो वेगळ्याच इयत्तेत आहे. मग रेडला किंमत कशाची? रंगाची, आणि त्या रंगाचं लाकूड ओंडक्यात किती निघतं त्याची.

रेडच्या गाभ्याचं लाकूड तांबूस-तपकिरी ते गडद तपकिरी असतं आणि बाहेरचं पांढरट लाकूड अरुंद, एखाद्या कडेसारखं. व्हाइटमध्ये गाभा फिकट तपकिरी आणि बाहेरचं पांढरट लाकूड चांगलं रुंद. हिशोब करून बघा. समजा 20 इंची ओंडका आहे, रेडमध्ये चारी बाजूंनी 1 इंच पांढरं लाकूड धरलं तर गाभा 18 इंचांचा राहतो, म्हणजे तोंडाच्या क्षेत्रफळाच्या 81 टक्के. त्याच मापाच्या व्हाइटमध्ये पांढरं 4 इंच धरलं तर गाभा 12 इंच, म्हणजे फक्त 36 टक्के. ओंडका तेवढाच, डिझेल तेवढंच, ब्लेड तेवढंच झिजलं, आणि रंगीत लाकूड निम्म्याहून कमी. म्हणून मी म्हणतो की ओंडका विकत घेताना घेर बघण्याआधी तोंडावरची पांढरी कड मोजा, अगदी रेड असला तरी.

कापायला दोघंही सारखेच हट्टी. एल्मचे रेषे एकमेकांत अडकलेले असतात, एका वर्षी एका बाजूला कललेले तर पुढे दुसऱ्या बाजूला, त्यामुळे कुऱ्हाडीने फोडायला गेलात तर कुऱ्हाड आत रुतून बसते आणि लाकूड दोरखंडासारखं लोंबत राहतं. बँड सॉवर हेच रेषे लोकरीसारखे उठतात, ब्लेड जरा बोथट झालं की फळीवर लव आल्यासारखं दिसतं आणि कट नागमोडी जायला लागतो, म्हणून एल्मला नवं ब्लेड लावा, ओकवर चालवून थकलेलं लावू नका. वासाबद्दल एकच सांगतो, ओल्या एल्मला गोठ्याचा वास येतो, व्हाइटला तर जास्तच, कारण त्याच्या गाभ्यात बॅक्टेरियाने भरलेलं ओलं लाकूड खूपदा सापडतं. तिथल्या जुन्या लोकांनी त्याला मुताशी जोडून जे नाव ठेवलंय ते उगाच नाही. वाळल्यावर वास जातो, काळजी नको.

वाळवताना मात्र दोघांची वाट जरा वेगळी होते. अमेरिकन एल्मच्या ताज्या लाकडात पाणी किती, तर कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 90 टक्क्यांहून वर, गाभ्यात जवळपास 95. म्हणजे ओला घनमीटर 890 किलोच्या घरात भरतो, ट्रेलर भरताना हे लक्षात ठेवा नाहीतर टायर बोलतील. हे सगळं पाणी बाहेर जाताना आकसणं आलं. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत अमेरिकन एल्म वलयाच्या दिशेने 9.5 टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने 4.2 टक्के आकसतो, स्लिपरी 8.9 आणि 4.9. आकडे जवळचेच वाटतात, पण दोन दिशांमधली तफावत बघा, व्हाइटमध्ये दुपटीहून जास्त, रेडमध्ये दुपटीच्या आत, आणि ही तफावत जितकी मोठी तितका फळीला बाक जास्त. सपाट कापलेली 10 इंची ओली व्हाइट फळी घरात वापरण्याइतकी वाळेपर्यंत रुंदीत पाऊण इंचाच्या आसपास आत येते. त्यात अडकलेल्या रेषांचा पीळ. म्हणून एक इंची फळी हवी असेल तर सव्वा इंच काढा, थराथरांमधल्या पट्ट्या एरवीपेक्षा जवळजवळ लावा, फूट-सव्वा फुटावर, आणि वर दणदणीत वजन ठेवा किंवा पट्टे आवळा आणि अधूनमधून परत आवळत राहा. व्हाइटच्या वरच्या दोन थरांत हलक्या प्रतीच्या फळ्याच ठेवा, त्या वाकड्या होणारच आहेत असं गृहीत धरून.

मग कशाचं काय करायचं? रेडचे सरळ, गाठी नसलेले ओंडके फर्निचरसाठी बाजूला काढा, टेबलाचे वरचे तक्ते, खुर्च्या, दारांच्या चौकटी, भिंतीची पॅनेलिंग. सपाट कापलेल्या फळीवर त्या नागमोडी पट्ट्यांमुळे पिसासारखी नक्षी उठते आणि तीच गिऱ्हाईक मागतं. व्हाइटला मी कामाचं लाकूड समजतो आणि यात कमीपणा काही नाही, कारण जे काम एल्म करतो ते ओकसुद्धा तितकं नीट करत नाही. ट्रेलरचा तळ, गोठ्यातल्या कठड्यांच्या फळ्या, क्रेट, पॅलेट, जिथे जिथे मार बसतो आणि खिळे ठोकायचे असतात तिथे एल्म. कडेला खिळा मारला तरी फाटत नाही, ही त्या अडकलेल्या रेषांचीच करामत, कुऱ्हाडीला जो त्रास तोच इथे गुण. युरोपातल्या एल्मचंही तेच, बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा एल्मचा असायचा कारण चहूबाजूंनी आरे ठोकले तरी तो फुटत नाही, इंग्लंडच्या विंडसर खुर्चीची बैठकही एल्मचीच, तिच्यात पायांसाठी आणि पाठीच्या दांड्यांसाठी भोकंच भोकं असतात. वाफ देऊन वाकवायलाही एल्म एक नंबर, चीजचे गोल डबे आणि पिपांचे वेढे याच्याच पातळ पट्ट्यांचे व्हायचे.

एका ठिकाणी मात्र दोघंही नापास, आणि ते म्हणजे उघड्यावर, मातीला टेकून. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं चालू राहिलं की एल्म लवकर कुजतो. गंमत अशी की कायम पाण्यात बुडालेला असेल तर टिकतो, लंडनमध्ये लोखंडी पाइप येईपर्यंत जमिनीखालून पाणी पोकळ केलेल्या एल्मच्या खोडांतून जायचं. पण कुंपणाचा खांब म्हणून एल्म कोणाला विकू नका, गिऱ्हाईक परत येईल आणि भांडेल.

अजून एक तिसरा सोंगाड्या आहे, सायबेरियन एल्म. मैदानी प्रदेशात वाऱ्याला आडोसा म्हणून 1930 च्या दशकापासून भरपूर लावलेला. याचाही गाभा गडद तांबूस निघतो त्यामुळे रेड म्हणून खपवला जातो. पानं अगदी छोटी असतात हे बघितलं तरी पुरे. लाकूड वाईट नाही, रंगही छान, पण गाठी फार आणि सरळ ओंडका मिळणं नशिबाची गोष्ट. बांधावरच्या किंवा रस्त्याकडेच्या कुठल्याही एल्ममध्ये तार, खिळे, जुने हुक असणारच असं धरून मेटल डिटेक्टर फिरवा. तोंडावर निळसर-काळा डाग दिसला तर बहुतेक आत लोखंडच आहे.

आणि हे एवढे मेलेले एल्म येतात कुठून, तर डच एल्म डिसीज. बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते, झाड वाळतं, पण गाभा कुजत नाही, म्हणून मेलेल्या झाडाचं लाकूड चांगलं निघतं, फक्त बाहेरच्या पांढऱ्या भागात तपकिरी रेघा दिसतात. अर्थात फार वर्षं उभं राहिलं असेल तर तो पांढरा भाग भुसभुशीत होतो आणि मग रेड आणखी फायद्यात, कारण त्याचा तो भाग मुळात थोडाच. डच हे नाव हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी शोध लावला म्हणून, रोग तिथला म्हणून नाही. अमेरिकेत तो 1930 मध्ये ओहायोत सापडला आणि तिथे पोचला तो युरोपातून व्हेनिअरसाठी आणलेल्या ओंडक्यांच्या सालीत बसलेल्या भुंग्यांबरोबर. तो भुंगा आजही सालीखालीच अंडी घालतो, त्यामुळे साल असलेलं एल्मचं लाकूड साठवायला किंवा हलवायला काही ठिकाणी कायद्याने बंदी आहे, कॅनडातल्या मॅनिटोबात आहेच, तेव्हा ट्रक पाठवायच्या आधी आपल्या भागातला नियम विचारून घ्या. ओंडका कापून झाला की सालीसकट निघालेल्या बाहेरच्या फाका पुढच्या हिवाळ्यात जाळू म्हणून शेडमागे रचून ठेवायची सवय असते आपली, ते एल्मच्या बाबतीत करू नका, साल त्याच आठवड्यात सोलून चिपरमध्ये घाला नाहीतर जाळून टाका.