कंपनीला स्वतःचेच शेअर विकत घ्यायचे असतील तर: बायबॅकची पात्रता, कागदपत्रं आणि हिशेबाच्या नोंदी

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतला एखादा भाऊ, मेहुणा किंवा जुना भागीदार बाहेर पडायचं म्हणतो. बाकीच्यांकडे त्याचे शेअर घेण्याइतके पैसे नसतात, पण कंपनीच्या खात्यात असतात. मग विचारलं जातं, ‘कंपनीनेच घेतले तर?’ घेता येतात. त्याचा रस्ता कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ६८ मधून जातो आणि त्यालाच बायबॅक म्हणतात.

आधी एक समजूत दुरुस्त करायला हवी. अमेरिकेतल्या काही राज्यांत कंपनी परत घेतलेले शेअर स्वतःकडे ठेवू शकते. त्यांना ट्रेझरी स्टॉक म्हणतात. त्यांना मत नाही, लाभांश नाही. पुढे गरज पडली की कंपनी ते पुन्हा विकते. ताळेबंदात हा स्टॉक मालमत्तेच्या बाजूला दिसत नाही, भागधारकांच्या निधीतून वजा दाखवतात. तो जास्त भावाने विकला तरी फरक नफा-तोटा पत्रकात येत नाही, थेट भांडवलाच्या निधीत जातो, कारण मालकांशी केलेल्या व्यवहारातून कंपनीला नफा होत नाही. कॉमर्सच्या पुस्तकांतून आणि परदेशी व्हिडिओंतून हे शिकलेली बरीच मंडळी इथेही तसंच चालतं असं धरून चालतात. भारतात बायबॅकमध्ये घेतलेला शेअर रद्दच करावा लागतो. तो तिजोरीत ठेवून पुढच्या वर्षी नव्या गुंतवणूकदाराला विकता येत नाही.

कायदा एवढा कडक का, हे समजलं की पुढच्या अटी आपोआप कळतात. भागभांडवल हा बँकेचा, माल पुरवणाऱ्यांचा, देणेकऱ्यांचा, म्हणजे ज्यांचं कंपनीकडून येणं आहे अशा सगळ्यांचा आधार असतो. मालकांनी घातलेले पैसे मालकांनीच मागल्या दाराने काढून घेतले तर बुडणार देणेकरी. म्हणून १९९८ पर्यंत आपल्याकडे बायबॅकला वावच नव्हता. नंतर परवानगी मिळाली ती अटी घालूनच, आणि त्या अटी मला योग्य वाटतात.

पात्र कोण

कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, बायबॅकची तरतूद हवी. नसेल तर आधी विशेष ठरावाने, म्हणजे भागधारकांच्या तीन-चतुर्थांश मतांनी, ती घालून घ्या. शेअर पूर्ण भरणा झालेले हवेत. पैसा मुक्त राखीव निधीतून (लाभांशाला वापरता येईल असा साठलेला नफा), सिक्युरिटीज प्रीमियम खात्यातून (शेअर विकताना दर्शनी किमतीच्या वर मिळालेली रक्कम) किंवा दुसऱ्या प्रकारचे शेअर विकून आलेल्या रकमेतून यावा. इक्विटी परत घ्यायला नुकतीच विकलेली इक्विटी चालत नाही. जागेचं पुनर्मूल्यांकन करून वाढवलेला निधी मुक्त निधीत धरता येत नाही. जुन्या एमआयडीसी प्लॉटवाल्या कंपन्यांनी हे नीट तपासावं.

मर्यादा दोन, आणि दोन्ही एकाच वेळी पाळायच्या. एकूण रक्कम भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त निधी यांच्या बेरजेच्या २५ टक्क्यांपर्यंत. शिवाय एका आर्थिक वर्षात इक्विटी भांडवलाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त शेअर घेता येत नाहीत. रक्कम इक्विटी भांडवल आणि मुक्त निधीच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो, त्यावर गेल्यास भागधारकांचा विशेष ठराव लागतो. बायबॅकनंतर कंपनीचं एकूण कर्ज हे भांडवल आणि मुक्त निधी यांच्या बेरजेच्या दुपटीपेक्षा जास्त नको.

ठेवी, डिबेंचर (कर्जरोखे), मुदत कर्ज किंवा लाभांश थकवला असेल तर दार बंद. थकबाकी भरून ३ वर्षं उलटल्यावरच ते उघडतं. वार्षिक विवरणपत्र भरलेलं नसेल तरी बायबॅक करता येत नाही. आणि स्वतःच्या उपकंपनीमार्फत शेअर घेण्याची शक्कल कलम ७० ने आधीच मोडून काढली आहे.

आधी आकडेमोड, मग ठराव

समजा कंपनीचे १० रुपये दर्शनी किमतीचे १ लाख शेअर आहेत, म्हणजे भांडवल १० लाख. सिक्युरिटीज प्रीमियम १५ लाख, जनरल रिझर्व्ह २५ लाख. बेरीज ५० लाख. तेव्हा जास्तीत जास्त १२.५ लाख रुपये आणि २५,००० शेअर. कंपनीने ६० रुपयांनी २०,००० शेअर घ्यायचं ठरवलं, म्हणजे १२ लाख. दोन्ही मर्यादांत बसतं.

नोंदी अशा होतात. भागभांडवल खाते नावे २ लाख, बायबॅक प्रीमियम खाते नावे १० लाख, भागधारक खाते जमा १२ लाख. पैसे दिल्यावर भागधारक नावे, बँक जमा. हा १० लाखांचा प्रीमियम सिक्युरिटीज प्रीमियम खात्यातून भागवायचा; तिथे ५ लाख उरतात. शेवटची नोंद मात्र हमखास राहून जाते. बायबॅक मुक्त निधीतून किंवा प्रीमियम खात्यातून केला असेल, तर परत घेतलेल्या शेअरच्या दर्शनी किमतीइतकी रक्कम, इथे २ लाख, जनरल रिझर्व्हमधून काढून भांडवल विमोचन राखीव निधीत टाकावी लागते. कलम ६९ तसं सांगतं. हा निधी लाभांशाला वापरता येत नाही, फक्त पूर्ण भरणा झालेले बोनस शेअर द्यायला चालतो. भांडवल कमी झालं तेवढी रक्कम देणेकऱ्यांसाठी कुलपात राहावी, हा त्यामागचा हेतू.

आता कर्जाचं गुणोत्तर पाहा. १२ लाख गेल्यावर ३८ लाख उरले, दुप्पट ७६ लाख. म्हणजे ७४ लाखांचं कर्ज असलेली कंपनी सुटली असं वाटेल. पण विमोचन निधीचे २ लाख मुक्त राहिलेले नाहीत. हिशेब ३६ लाखांवर होतो, मर्यादा ७२ लाख, आणि कंपनी अपात्र ठरते. सीएंकडून हे गणित ठरावाच्या आधी लेखी घ्या. सभा घेतल्यावर आकडा चुकल्याचं कळलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कागदपत्रं आणि क्रम

संचालक मंडळाचा ठराव, मग विशेष ठरावासाठी सर्वसाधारण सभेची नोटीस. नोटिशीसोबतच्या निवेदनात बायबॅकचं कारण, भाव आणि तो कसा काढला, पैसा कुठून येणार, प्रवर्तक आपले शेअर देणार का, हे सगळं उघड लिहावं लागतं. लेखापरीक्षकांचा अहवाल जोडायचा. हिशेब ऑफरच्या तारखेला ६ महिन्यांपेक्षा जुने नसावेत. विशेष ठराव झाला की ३० दिवसांत तो एमजीटी-१४ या फॉर्ममध्ये कंपनी निबंधकांकडे नोंदवायचा.

नंतर निबंधकांकडेच एसएच-८ मध्ये ऑफरपत्र आणि एसएच-९ मध्ये पतदारीची घोषणा. एसएच-९ कडे नुसता एक फॉर्म म्हणून पाहू नका. कंपनी पुढचं वर्षभर आपली देणी भागवू शकेल, असं किमान दोन संचालक प्रतिज्ञापत्रावर सांगतात. व्यवस्थापकीय संचालक असेल तर त्यातला एक तो असलाच पाहिजे. वर्षभराचा रोख प्रवाह कागदावर मांडल्याशिवाय सही करू नका.

ऑफर भागधारकांना पाठवल्यापासून किमान १५ आणि जास्तीत जास्त ३० दिवस खुली ठेवायची. सगळे सभासद राजी असतील तर ती १५ दिवसांच्या आतही आटोपता येते. ऑफर सगळ्यांना प्रमाणात द्यावी लागते, त्यामुळे एकट्या मेहुण्याचेच शेअर घ्यायचे असतील तर बाकीच्यांनी आपले शेअर न देणं हाच मार्ग. त्यांच्याकडून तसं पत्र घेऊन ठेवा. जास्त शेअर आले तर प्रमाणात स्वीकार होतो.

शेअर देणाऱ्याकडून सही केलेला स्वीकृती अर्ज, मूळ शेअर प्रमाणपत्र किंवा डीमॅटचा तपशील, पॅन, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश लागतो. मूळ भागधारक वारला असेल तर आधी वारसांच्या नावे शेअर करून घ्या. याला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात पुढे ठेवा. छोट्या कंपनीच्या व्याख्येत न बसणाऱ्या प्रायव्हेट कंपनीत प्रवर्तक आणि संचालकांचे सगळे शेअर डीमॅट झालेले असल्याशिवाय बायबॅक काढता येत नाही. परदेशी राहणारा नातेवाईक भागधारक असेल तर फेमाचे, म्हणजे परकीय चलन कायद्याचे, भावाबाबतचे नियम वेगळे तपासून घ्या.

ऑफर बंद होताच वेगळं बँक खातं उघडून त्यात रक्कम ठेवायची. १५ दिवसांत अर्जांची पडताळणी, त्यानंतर ७ दिवसांत पैसे. बायबॅक पूर्ण झाल्यापासून ७ दिवसांत शेअर रद्द करून प्रमाणपत्रं नष्ट करायची, एसएच-१० नोंदवहीत नोंद करायची आणि ३० दिवसांत एसएच-११ भरायचा, सोबत नियम पाळल्याचं एसएच-१५ प्रमाणपत्र. ठरावापासून १ वर्षात सगळं पुरं व्हायला हवं.

कराचं ऑफरच्या आधीच बोलून घ्या. २०१३ पासून बिगर-सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेल्या, कंपनीवर बायबॅकचा कर होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो भार भागधारकाकडे गेला. हे नियम वारंवार बदलतात, तेव्हा आपल्या व्यवहाराच्या तारखेला लागू असलेला नियम सल्लागाराकडून लेखी घ्या आणि शेअर देणाऱ्यालाही तो दाखवा. हातात किती पडणार हे त्याला सहीआधी कळायला हवं.

बायबॅकनंतर ६ महिने त्याच प्रकारचे नवे शेअर काढता येत नाहीत. बोनस आणि आधी ठरलेली रूपांतरं (उदाहरणार्थ डिबेंचरचे शेअर होणं) यांना सूट आहे. पुढची ऑफर आधीची बंद झाल्यापासून १ वर्षानंतरच. नवा गुंतवणूकदार आणायची बोलणी चालू असतील, तर हे ६ महिने मोजूनच त्याला तारीख द्या.