नॉरिचची ज्युलियन

(सु. १३४२ – १४१६ नंतर). इंग्लंडमधील मध्ययुगीन ख्रिस्ती गूढवादी लेखिका व एकांतवासिनी. स्त्रीने इंग्रजीत लिहिलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुस्तक तिचे मानतात.

नॉरिचच्या सेंट ज्युलियन चर्चला लागून असलेल्या खोलीत ती राहत असे. चर्चवरून तिला हे नाव मिळाले, असे पूर्वीचे अभ्यासक धरून चालत. तथापि ज्युलियन हे त्या काळी स्त्रियांचेही नाव होते. तेव्हा ते तिचे मूळचेच असणे अशक्य नाही.

मे १३७३ मध्ये ती मरणासन्न झाली. त्या वेळी आपले वय साडेतीस होते, असे ती लिहिते. जन्मवर्षाचा अंदाज यावरूनच बांधतात. पाद्रीने समोर धरलेल्या क्रूसाकडे पाहताना तिला दर्शने होऊ लागली. पंधरा एका दिवसात झाली, सोळावे दुसऱ्या रात्री. दिवस मात्र वादग्रस्त आहे : तिच्या ग्रंथाच्या पॅरिसमधील हस्तलिखितात १३ मे, तर स्लोन संग्रहातील हस्तलिखितात ८ मे. रोमन अंकांतील ‘एक्स’ आणि ‘व्ही’ यांची नकलताना गल्लत झाली असावी. अँग्लिकन पंथ तिचा स्मरणदिन ८ मे रोजी पाळतो, पण तो काही पाठनिर्णयाचा पुरावा नव्हे. आजारपणात तिची आई जवळ होती. त्यामुळे ती तेव्हा जोगीण नसून घरीच असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या दर्शनांवरील तिच्या ग्रंथाचे दोन पाठ आहेत. संक्षिप्त पाठाचे एकच हस्तलिखित उपलब्ध असून १४१३ मध्ये ती हयात असल्याची नोंद त्यात आहे. दर्शनांवर सुमारे वीस वर्षे चिंतन केल्याचे विस्तृत पाठात म्हटले आहे. म्हणून त्याची रचना १३९३ च्या सुमारास वा त्यानंतरची ठरते. हा पाठ सिरीनस क्रेसी या बेनेडिक्टिन भिक्षूने १६७० मध्ये प्रथम छापला. एका दर्शनात तळहातावरच्या हेझलनट या लहान कवचफळाएवढ्या वस्तूत तिला सारी सृष्टी दिसली. ख्रिस्ताला माता म्हणण्याचा विचार तिच्या आधीचाच. तो इतक्या सविस्तर मांडला तो तिने.

चरित्राची इतर साधने तुटपुंजी आहेत. १३९४ ते १४१६ दरम्यानच्या काही मृत्युपत्रांत तिला दिलेल्या देणग्यांचे उल्लेख येतात. मार्जरी केंप ही इंग्रज गूढवादी स्त्री १४१३ च्या सुमारास तिचा सल्ला घेण्यास आली होती. मूळ खोली उरलेली नाही. चर्च १९४२ च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. आजची वास्तू त्यानंतर पुन्हा बांधलेली आहे.