ईडब्ल्यूएस आणि ईबीसी: एक जागेसाठी, दुसरं फीसाठी

'ईडब्ल्यूएस आसा मां, मगे फी कित्याक भरूची?' बारावीचा निकाल लागल्यावर सिंधुदुर्गातल्या कुठल्याही सेवा केंद्रात तासभर बसा, हा प्रश्न ऐकल्याशिवाय उठणार नाही. मी असंच एक केंद्र चालवतो, त्यामुळे जून-जुलैत माझे कान याला सरावलेत. विचारणाऱ्यांचा दोष नाही. ईडब्ल्यूएस आणि ईबीसी, दोन्ही गोष्टी खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी, दोन्हींत उत्पन्नाची 8 लाखांची मर्यादा, दोन्हींना तहसीलदारांचा कागद. मग घोटाळा होणारच.

ईडब्ल्यूएस हे आरक्षण आहे. 2019 साली 103वी घटनादुरुस्ती झाली आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना 10 टक्के जागा मिळाल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती वैध ठरवली. एससी, एसटी, ओबीसी अशा कुठल्याच आरक्षणात जे बसत नाहीत, त्यांच्यासाठी ते आहे. त्याचं काम प्रवेशाच्या दारापर्यंत. गुणवत्ता यादीत तुमच्या मुलाचं नाव या जागांसाठीही धरलं जातं, एवढंच. अल्पसंख्याक संस्थांमध्ये ते लागू नाही. आणि फीच्या पावतीवर त्याने आपोआप एक रुपयाही कमी होत नाही. अगदी आयआयटीतसुद्धा ईडब्ल्यूएस आहे म्हणून शिक्षण शुल्क माफ होत नाही. तिथे 1 लाखाखालच्या उत्पन्नाला पूर्ण आणि 1 ते 5 लाखांना दोन तृतीयांश माफी आहे, ती वेगळी मागायची.

ईबीसी म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग, आणि त्यांच्यासाठीची ज्याला सगळे 'ईबीसी सवलत' म्हणतात ती योजना. तिचं आजचं कागदोपत्री नाव राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. ही तुम्हाला कुठेही जागा मिळवून देत नाही. जागा मिळाल्यावर महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायचा. मग सरकार शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भार उचलतं. इथे 'शिक्षण शुल्क' हे शब्द नीट वाचा. समजा कॉलेजची फी 1,12,000 रुपये आहे आणि त्यातले 12,000 विकास शुल्क आहे, तर निम्मे होतात ते 1 लाखाचे, 1,12,000 चे नव्हे. होस्टेल, मेस, बसचा पास यांचा तर संबंधच नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. एका कुटुंबातल्या दोनच मुलांना ती मिळते. आणि अर्ज दरवर्षी नव्याने पुढे न्यावा लागतो. पहिल्या वर्षी पैसे आले म्हणून दुसऱ्या वर्षी निवांत बसलेले पालक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा पोर्टल बंद झालेलं असतं.

म्हणून खुल्या यादीतून जागा मिळालेल्या मुलाला ईबीसीसाठी ईडब्ल्यूएसचा दाखला लागतच नाही. त्याला लागतो तहसीलदारांचा साधा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र. उलट, ईडब्ल्यूएसच्या जागेवर गेलेल्याने ईबीसीचा अर्ज केलाच नाही, तर त्याला पूर्ण फी भरावी लागेल.

आता त्या 8 लाखांविषयी. ईडब्ल्यूएसमध्ये आदल्या आर्थिक वर्षातलं कुटुंबाचं सगळ्या मार्गांनी आलेलं उत्पन्न धरतात: पगार, शेती, धंदा, भाडं. बाबा मुंबईत नोकरीला आणि आई गावी आंब्या-काजूचं बघते, असं आपल्याकडचं नेहमीचं घर असेल तर दोन्हींची बेरीज होते. 'आंब्याचं काय धरायचं, यंदा मोहोरच गळला' हे खरं असलं तरी कागदावर आकडा लागतोच. ओबीसींच्या नॉन-क्रिमीलेअरलाही 8 लाखच आहेत, पण तिथे पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या बेरजेत धरत नाहीत. त्यामुळे शेजारच्या कुणबी घराला जो हिशेब लागला तोच आपल्याला लावू नका.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती कोकणात जास्त टोचते. ईडब्ल्यूएसचे दाखले दोन नमुन्यांत निघतात, राज्याचा आणि केंद्राचा. एमएचटी-सीईटीवरच्या प्रवेशांना राज्याचा. त्यासाठी कुटुंब 13 ऑक्टोबर 1967 रोजी किंवा त्याआधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. आपल्याला त्याची फारशी चिंता नसते. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुना फेरफार कुठल्या तरी ट्रंकेत सापडतो. जेईईवरून आयआयटी-एनआयटीत किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यात जायचं असेल तर केंद्राचा नमुना लागतो, आणि त्यात उत्पन्नाबरोबर मालमत्ताही मोजतात. शेतजमीन 5 एकर किंवा जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. 1,000 चौरस फुटांचा फ्लॅट असेल तरी तेच. निवासी भूखंड अधिसूचित नगरपालिकेच्या हद्दीत 100 चौरस यार्ड, बाहेर 200 चौरस यार्ड भरला तरी तेच. शिवाय वेगवेगळ्या ठिकाणची मालमत्ता एकत्र धरतात.

एक गुंठा म्हणजे 121 चौरस यार्ड, म्हणजे 200 यार्ड दोन गुंठेही होत नाहीत. आणि 5 एकर? ज्यात गवताशिवाय काही उगवत नाही असं वरकस सातबाऱ्यावर शेतजमीन म्हणूनच दिसतं. सामाईक सातबाऱ्यावर चुलत्यांची नावंही असतात, आणि तुमचा हिस्सा किती हे तलाठ्याकडे जाऊन स्पष्ट करून घ्यावं लागतं. माझ्या मते कोकणातल्या पालकांनी अकरावीतच करण्याचं सगळ्यात मोलाचं काम हेच. जेईईच्या क्लासला दोन वर्षं पैसे घालून मग कळतं की केंद्राचा दाखला निघत नाही, तेव्हा हाती काही उरत नाही. आधी कळलं तर निदान खुल्या यादीची तयारी धरून चालता येतं.

मराठा कुटुंबांना आणखी एक फाटा आहे. 2024 च्या कायद्याने राज्यात त्यांना एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, म्हणून 10 टक्के आरक्षण आहे. ते केंद्रात चालत नाही. त्यामुळे लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठासाठी एसईबीसी आणि सुरतकलच्या एनआयटीसाठी केंद्राचा ईडब्ल्यूएस, अशा एकाच मुलाच्या दोन फायली होतात. कंटाळवाणं आहे, पण करावं लागतं.

मुलींच्या बाबतीत हिशेब सोपा झालाय. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची सवलत 50 ऐवजी 100 टक्के मिळते. कॅपची अट कायम आहे. मुलगी आहे म्हणून ईडब्ल्यूएसचा दाखला टाळू नका, इथे तो फीलाही उपयोगी पडतो. म्हणजे माझ्या मथळ्याला हा एक अपवाद झाला. दुसरा अपवाद इंजिनिअरिंगमधल्या टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागांचा: 5 टक्के वाढीव जागा, पूर्ण शिक्षण शुल्क माफ, पण मिळतात गुणांवर आणि पर्याय भरताना त्यांचा वेगळा कोड टाकावा लागतो. न टाकणारे बरेच.

कधी काय काढायचं? अधिवास प्रमाणपत्र दहावी संपताच काढा, ते पुन्हा काढावं लागत नाही. आधार, शाळेचा दाखला आणि रेशनकार्डावरची नावं याच काळात जुळवा. एकीकडे 'सावंत', दुसरीकडे 'सावंत भोसले' असेल तर ते ऐन प्रवेशात निस्तरत नाही. मुलाचं बँक खातं आधारशी जोडून ठेवा, महाडीबीटीचे पैसे तिथेच येतात. पण उत्पन्नाचा आणि ईडब्ल्यूएसचा दाखला मात्र बारावीच्या परीक्षेनंतर, 1 एप्रिल उलटल्यावर. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो, आणि जेईईच्या जागावाटपात त्याच वर्षी 1 एप्रिलनंतर निघालेलाच ईडब्ल्यूएस चालतो. हौसेने जानेवारीत काढलेले दाखले जूनमध्ये रद्दी होतात.

होस्टेलच्या खर्चाला यातलं काहीच पुरत नाही. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना वेगळी आहे. तिचा अर्जही महाडीबीटीवरच, ईबीसीबरोबर करता येतो, आणि अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांना त्यात जास्त मदत आहे. ज्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे जाणारच आहात, त्याच फेरीत अल्पभूधारक दाखल्याचं विचारून या.