टाइम्स, बारा, दीड

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा परभणी येथील महाविद्यालयांच्या आसपासच्या एखाद्या डीटीपी केंद्रात इंग्रजी शोधप्रबंध टाइप करायला दिला, तर चालक बहुधा इतकेच विचारतो : "टाइम्स, बारा, दीड ना?" टाइम्स न्यू रोमन हा फॉन्ट, बारा पॉइंटचा आकार आणि ओळींमध्ये दीडपट अंतर, असा त्याचा अर्थ. विद्यार्थी मान डोलावतो आणि विषय संपतो. पण या तीन शब्दांत अक्षरमुद्रणाची बरीचशी मूलतत्त्वे येऊन जातात आणि ती जरा बारकाईने पाहिली, तर हा फॉन्ट प्रबंधाच्या रुंद पानासाठी मुळात घडवलेलाच नव्हता, हेही ध्यानात येते.

तो घडवला गेला वर्तमानपत्रासाठी. लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकाची छपाई कालबाह्य झाली आहे, अशी टीका स्टॅन्ली मॉरिसन या मुद्रणतज्ज्ञाने केली आणि दैनिकाने त्यालाच सल्लागार नेमले. मॉरिसनच्या देखरेखीखाली दैनिकाच्या जाहिरात विभागातील चित्रकार व्हिक्टर लार्डेंट याने अक्षरे रेखाटली, मोनोटाइप कंपनीने त्यांचे साचे तयार केले आणि ३ ऑक्टोबर १९३२ रोजी अंक नव्या अक्षरांत वाचकांच्या हाती पडला. समोर नमुना होता तो 'प्लांटिन' या फॉन्टचा, आणि प्लांटिन स्वतः सोळाव्या शतकातील अक्षरांवर बेतलेला होता. अरुंद स्तंभात जास्तीत जास्त शब्द बसावेत, पण अक्षर बारीक वाटू नये, अशा दोन परस्परविरोधी मागण्या रेखाटनकारापुढे होत्या आणि या फॉन्टची जवळजवळ प्रत्येक लकब त्यांतूनच आली आहे.

आधी 'बारा' म्हणजे काय ते पाहू. संगणकावरचा एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. त्यामुळे बारा पॉइंट म्हणजे ४.२३ मिमी. मात्र छापलेल्या पानावर पट्टी ठेवून मोजले, तर टाइम्सचे एकही अक्षर एवढे उंच भरत नाही. मोठ्या लिपीतील अक्षर सुमारे २.८ मिमी उंच असते, तर लहान 'एक्स' जेमतेम १.९ मिमी. याचे कारण असे की, ४.२३ मिमी ही उंची अक्षराची नसून ज्या शिशाच्या खिळ्यावर ते अक्षर असे, त्या खिळ्याच्या अंगाची आहे. खिळे गेले, ते हाताने जुळवणारे जुळारी गेले, तरी हे माप टिकून राहिले. म्हणूनच दोन वेगळे फॉन्ट एकाच आकड्यावर ठेवले तरी डोळ्यांना सारखे दिसतीलच, याची हमी नसते.

डोळ्याला अक्षर केवढे वाटते, हे ठरते मुख्यतः लहान 'एक्स'च्या उंचीवर. टाइम्समध्ये ती पूर्ण अंगाच्या सुमारे ४५ टक्के आहे. 'बी', 'डी' यांच्या वर जाणाऱ्या आणि 'पी', 'जी' यांच्या खाली उतरणाऱ्या रेघा आखूड ठेवल्या, तेव्हा ही उंची साधली. वाचनाच्या अभ्यासकांनी मोजलेले आहे की, 'एक्स'ची उंची डोळ्याशी ०.२ अंशापेक्षा लहान कोन करू लागली, की वाचनाचा वेग झपाट्याने घटतो. ४० सेंटीमीटरवर धरलेल्या कागदासाठी ही मर्यादा १.४ मिमी येते. नऊ पॉइंट टाइम्समधील 'एक्स' नेमका तेवढाच भरतो. याहून कमी उंचीच्या वळणात नऊ पॉइंटचा मजकूर वाचताना कागद डोळ्यांजवळ ओढावा लागला असता.

आता सेरिफ, म्हणजे रेघेच्या टोकाला काढलेला तो छोटा आडवा फाटा. रोममधील ट्राजन स्तंभावरच्या इसवी सन ११३ च्या लेखात तो अत्यंत डौलदार रूपात दिसतो. कोरण्याआधी अक्षरे चपट्या कुंचल्याने रंगवली जात आणि कुंचला फिरवून उचलताना हा फाटा उमटे, असे मत एडवर्ड कॅटिच या अमेरिकी अक्षरकाराने मांडले. मराठवाड्यातील वाचकाला यासाठी रोमपर्यंत जायला नको. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याचा पाचव्या शतकातील शिलालेख आहे आणि त्यातील ब्राह्मी अक्षरे 'पेटिकाशीर्षक' वळणाची आहेत, म्हणजे अक्षरांच्या डोक्यावर लहान चौकोनी पेट्या कोरलेल्या आहेत. रोमन अक्षराने आपली टोके वर आणि खाली, विशेषतः तळाशी, सजवली. आपल्याकडे सजावटीचा भर डोक्यावर राहिला. ब्राह्मीतून निघालेल्या इतर वळणांत अशीच शीर्षचिन्हे रुंदावत जाऊन पुढे नागरीची शिरोरेषा झाली. सेरिफमुळे वाचन सोपे होते, असे अनेक पुस्तकांत ठासून लिहिलेले आढळते. प्रत्यक्ष प्रयोगांत मात्र सेरिफ असण्या-नसण्याने वाचनाच्या वेगात ठळक फरक पडलेला दिसत नाही. सेरिफची बाजू मी तरी वेगाच्या नावाने मांडणार नाही. ओळ तळाशी बांधल्यासारखी दिसते, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

टाइम्सचा 'ओ' भिंगाखाली धरून पाहावा. त्याच्या दोन्ही बाजू जाड आहेत, तर वरचा आणि खालचा भाग अगदी बारीक. आणि सर्वांत बारीक जागा बरोबर माथ्यावर नसून किंचित डावीकडे कललेली आहे. रुंद टाकाचा बोरू तिरका धरून काढलेल्या गोलाची ही खूण आहे. याच 'ओ'चे ठळक रूप, म्हणजे बोल्ड, शेजारी ठेवले, तर हा कल नाहीसा होऊन अक्ष सरळ उभा झालेला दिसतो. म्हणजे बोल्ड हे साध्या अक्षराला नुसती जाडी चढवून केलेले नाही, ते निराळे रेखाटन आहे. इटॅलिकचेही तसेच, तिथे 'ए' हे अक्षर वरची कमान टाकून देऊन हाताने लिहिल्यासारखे होते. देवनागरीला अशा इटॅलिकची परंपरा नाही आणि तिरपे करण्याचे बटण दाबले, की संगणक बहुतेक वेळा उभे अक्षर नुसते ढकलून देतो. मराठी पुस्तकांची नावे अशी तिरपी केलेली पाहिली, की मला ती पडायला आलेली वाटतात. एकेरी अवतरणचिन्हांनी तेच काम नीटनेटके होते.

जागेची बचत प्रत्येक अक्षराच्या रुंदीत दिसते. पूर्ण अंग १,००० भागांचे धरले, तर 'एम' ७७८ भाग घेतो, 'एन' ५०० आणि 'आय' केवळ २७८. शून्य ते नऊ हे सारे अंक मात्र प्रत्येकी ५०० भागांचेच आहेत. 'एक' हा आकडा बारीक असूनही त्याला तेवढीच जागा दिली आहे, म्हणून बाजारभावाच्या किंवा गुणांच्या तक्त्यात एकाखाली एक लिहिलेल्या रकमांचे एकक-दशक आपोआप जुळतात.

हाच काटकसरीपणा प्रबंधाच्या पानावर अडचणीचा ठरतो. चारही बाजूंना एक इंच समास सोडलेल्या ए-फोर कागदावर बारा पॉइंट टाइम्सच्या एका ओळीत नव्वदच्या आसपास अक्षरे मावतात. सलग वाचनासाठी ४५ ते ७५ अक्षरांची ओळ बरी, असा मुद्रणातील जुना संकेत आहे. ओळ लांबली, की उजव्या टोकाहून परत येताना डोळ्याची पुढची ओळ चुकू शकते. 'दीड'चा उपयोग इथे होतो. टाइम्सचे एकेरी अंतरच मुळात अंगाच्या १.१५ पट आहे, म्हणजे बारा पॉइंटला १३.८ पॉइंट, त्याच्या दीडपट म्हणजे २०.७. पूर्वी जुळारी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून जे साधत, ते आता मेनूतील एका आकड्याने साधते.

याच प्रबंधात मराठी अवतरण आले, की हा हिशेब विस्कटतो. टाइम्स न्यू रोमनमध्ये देवनागरी अक्षरे नाहीतच. पडद्यावर फॉन्टच्या चौकटीत नाव टाइम्सचे दिसत असले, तरी संगणक गुपचूप मंगल किंवा निर्मला यांसारखा दुसरा फॉन्ट वापरतो. 'वर्षांपूर्वी' हा एक शब्द घ्या. त्यात माथ्यावर रफार, अनुस्वार आणि वेलांटी आहे, तर पायाशी ऊकार आहे आणि हे सगळे खिळ्याच्या त्याच अंगात बसवायचे असल्याने मूळ अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते. योगेश, सुरेख यांसारखे जुने फॉन्ट डीटीपी चालक इंग्रजीपेक्षा मोठ्या आकड्यावर ठेवतात, ते याच अनुभवाने. देवनागरीला वर-खाली जागा अधिक लागते, म्हणून एखादा मराठी शब्द आलेली ओळ शेजारच्या ओळींपासून दूर सरकते आणि परिच्छेदात मधेच भेग पडल्यासारखी दिसते. ओळींच्या अंतरासाठी 'दीडपट'ऐवजी 'एक्झॅक्टली' हा पर्याय निवडून २१ पॉइंट हा आकडा भरला, की ती भेग जाते. मग शिरोरेषा इंग्रजीच्या लहान 'एक्स'च्या थोडी वर आणि मोठ्या अक्षरांच्या माथ्याखाली येईल, इतका मराठीचा आकार अर्ध्या-अर्ध्या पॉइंटाने बदलत न्यावा. मात्र तो फार वाढवला, तर ठरावीक अंतरात न मावणारे रफार वरून कापले जातात, म्हणून सर्व प्रती छापण्याआधी भरपूर जोडाक्षरे असलेले एक पान कागदावर काढून तपासावे.