जुन्या ट्रॅक्टरचा क्लच न सुटणे व गिअर घासणे

पेडल पूर्ण दाबूनही इंजिनाची गती गिअरबॉक्सकडे जाणे थांबत नाही, तेव्हा ‘क्लच सुटत नाही’ असे म्हणतात. क्लच प्लेट फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) आणि तिला त्यावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट यांच्यामधून मोकळी न झाल्याने गिअरबॉक्समध्ये जाणारा इनपुट शाफ्ट फिरत राहतो, आणि फिरत्या गिअरचे दाते थांबलेल्या दात्यांवर आपटून खरखर होते. क्लच घसरणे हा याच्या उलट दोष: तिथे गिअर नीट पडतो, पण ओझ्याखाली इंजिनाची गती वाढते आणि चाक ओढत नाही.

इंदूर जिल्ह्यात सांवेर, देपालपूर, महू या भागांत मॅसी 1035, महिंद्रा बी-275, एचएमटी 2511, स्वराज 735 यांसारखे जुने ट्रॅक्टर अजून कामावर आहेत. अशा बहुतेक जुन्या यंत्रांतले गिअर सरकते असतात. दोन्ही गिअरांची गती आपोआप जुळवणारी रचना त्यांत नसते. म्हणून क्लच किंचित अडकला तरी दाते लगेच ओरडतात. दोष वाढण्याची कारणेही इथल्या वापरातच आहेत. सोयाबीनची पेरणी उरकली की ट्रॅक्टर पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभा राहतो आणि प्लेटला गंज धरतो. पुढे छावणी किंवा लक्ष्मीबाई नगरच्या धान्य मंडीत भरलेली ट्रॉली रांगेत इंच-इंच सरकवताना चालकाचा पाय पेडलवरून उठत नाही. त्यात प्लेट तापते आणि वाकडी होते.

दोष कुठे आहे ते आधी बाहेरून ओळखावे

ट्रॅक्टर मधून फोडणे, म्हणजे क्लचपाशी इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करणे, हे दिवसभराचे काम आहे, आणि पुष्कळदा ते विनाकारण केले जाते. सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, इंजिन मंद ठेवून पेडल पूर्ण दाबावे, मनात दहा मोजावे आणि मग रिव्हर्स टाकावा. थांबल्यावर आवाज येत नसेल तर क्लच ठीक आहे. तेव्हा दोष एवढाच की चालक घाई करतो किंवा इंजिन मंद गतीतही जास्त फिरते. दहा मोजूनही खरखर झाली तर क्लच सुटत नाही. सगळेच गिअर घासत असतील तर संशय क्लचवर घ्यावा. एकच गिअर घासत असेल, किंवा ओझ्याखाली निसटत असेल, तर त्या गिअरचे दाते, गिअर सरकवणारा शिफ्टर फोर्क आणि त्याला जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग तपासावी. तिथे क्लच कितीही जुळवला तरी उपयोग होत नाही.

दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धे दाबले की गिअरबॉक्स सुटतो, पूर्ण दाबले की पीटीओ (औजार फिरवणारा मागचा दांडा). गिअर नीट पडतात पण थ्रेशर लावताना पीटीओचा दांडा घासतो, असे असेल तर दुसऱ्या टप्प्याची जुळवणी बिघडलेली असते.

पेडलचा प्ले आणि जोडणी

पेडल हाताने दाबत न्यावे आणि जड लागेपर्यंतचे अंतर, म्हणजेच प्ले, पट्टीने मोजावे. बऱ्याच मॉडेलमध्ये ते 20 ते 30 मिमी असते. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. प्ले जास्त झाला की पेडलने सरकणारे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरांना (तिला मागे ओढणाऱ्या पट्ट्यांना) पुरेसे ढकलत नाही आणि क्लच सुटत नाही. उलट प्ले अजिबात न ठेवल्यास बेअरिंग सतत फिंगरांना घासत राहते, जळते, आणि क्लच घसरू लागतो. प्ले जुळवण्यासाठी पेडलच्या जोडदांड्याचा चेकनट सैल करून दांड्याची लांबी बदलावी आणि नट पुन्हा कसून आवळावा.

प्ले बरोबर असूनही दोष राहिला तर एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने खाली पाहावे. पेडल हलते पण रिलीज बेअरिंग सरकवणाऱ्या क्रॉस-शाफ्टचा आर्म उशिरा हलतो, तेव्हा झीज पिनांत, बुशांत किंवा आर्मच्या चावीत असते. दांडा लहान-मोठा करून ही झीज झाकू नये, पिना आणि बुश बदलावेत. त्याच वेळी इंजिन बंद ठेवून पुढच्या पुलीकडेही लक्ष द्यावे. पेडल दाबताच पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकत असेल तर क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. क्लचचा जोर क्रँक सरकवण्यातच जातो. अशा ट्रॅक्टरला नवी प्लेट घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

गंजून चिकटलेली प्लेट

उभा राहिलेला ट्रॅक्टर एकाएकी सुटेनासा झाला तर बहुधा प्लेट चिकटलेली असते. इंजिन न्यूट्रलमध्ये चांगले तापवून बंद करावे. मग औजार आणि ट्रॉली काढून, मोकळ्या शेतात, वरच्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबून स्टार्ट करावे. ट्रॅक्टर लगेच चालू लागतो, म्हणून समोर माणूस किंवा बांध नसावा आणि इंजिन बंद करण्याची नॉब हाताशी असावी. पेडल दाबलेलेच ठेवून थोडी गती द्यावी आणि दोन्ही ब्रेक जोडून दाबावेत. दोन-चार झटक्यांत प्लेट सुटते. गिअरमध्ये स्टार्टर फिरतच नाही अशा मॉडेलमध्ये ही रीत चालत नाही. उभे करून ठेवताना पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवले तर ही वेळ सहसा येत नाही.

फोडल्यावर काय पाहावे

क्लचवरच्या आवरणाच्या, म्हणजे बेल हाऊसिंगच्या, तळाच्या भोकातून काय गळते ते फोडण्याआधीच बघावे: काळे तेल क्रँकच्या मागच्या सीलचे, पिवळसर व उग्र वासाचे गिअरबॉक्सच्या सीलचे. सील न बदलता प्लेट बदलू नये.

पुढच्या अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय फोडू नये. नाहीतर इंजिनाचा भाग एका बाजूला कलंडतो. दोन्ही भागांखाली भक्कम टेकू हवेत, केवळ जॅक नको. प्लेटवरच्या जुन्या लायनिंगमध्ये (घर्षणाच्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

प्लेटची वाकण, स्प्लाइनवरचा (शाफ्टवरच्या खाचांवरचा) गंज आणि फिंगरांची उंची या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. फिंगरांच्या उंचीत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर प्लेट तिरपी सुटते आणि एका बाजूने घासते. हब (प्लेटचा मधला भाग) स्प्लाइनवर बोटाने सरकला पाहिजे. स्प्लाइन साफ करून उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. जास्त ग्रीस उडून लायनिंगवर जाते. इनपुट शाफ्टचे टोक धरणारे फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग हमखास दुर्लक्षिले जाते. ते जाम झाले तर प्लेट पूर्ण मोकळी असूनही शाफ्ट फ्लायव्हीलबरोबर फिरतो, आणि नवी प्लेट, नवी प्रेशर प्लेट घालूनही घासणे तसेच राहते. क्लच उघडला की ते बदलूनच टाकावे.

प्लेट बसवताना हबची बाजू उलटी झाली तर तो फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकतो. दुरुस्तीनंतर लगेच क्लच सुटेनासा झाल्यास पहिला संशय याचा, दुसरा जाड लायनिंगचा. प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळण्याआधी प्लेट डमी शाफ्टने (इनपुट शाफ्टसारख्या तात्पुरत्या दांड्याने) मध्यावर आणावी. बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे करून आवळावेत. जोडणी झाल्यावर प्ले नव्याने मोजावा, आणि नवी लायनिंग बसल्यावर काही तासांच्या कामानंतर पुन्हा एकदा.